मानेजवळचा डाग

तीन आठवडे जावयाने तोंडाला कुलूप लावलं होतं. ते उघडलं तेव्हा आतून निघालं काय, तर फुटबॉलच्या मॅचचं आमंत्रण.

“बाबा, शनिवारी दुपारी मोकळे आहात का?” फोनवर एवढंच. मग जरा थांबून, “नानांची जागा रिकामी आहे.” पुढे काही विचारावं तर फोन बंद.

डागमास्तर हातातल्या फोनकडे बघत राहिले. बायकोने काउंटरवरून मान उंचावली.

“काय म्हणतात जावई?”

“मॅचला बोलावलंय.”

“तुम्हाला?” ती म्हणाली, आणि पुन्हा बटणं मोजायला लागली. त्या एका शब्दात नवऱ्याच्या क्रीडाज्ञानाबद्दलचं तिचं मत पूर्ण आलं होतं.

तिचंही काही चुकत नव्हतं. फुटबॉलमधलं मास्तरांना किती कळत होतं, तर चेंडू गोल असतो इथपर्यंत. मास्तर हे नाव त्यांना गल्लीने दिलं होतं, ते डागांवरून. अडतीस वर्षं त्यांची लाँड्री होती आणि डाग बघून तो कशाचा, किती दिवसांचा, आणि लपवायचा प्रयत्न झाला होता की नाही, हे ते सांगत. कपडा परत देताना त्याला टाचणीने एक चिठ्ठी लावायची, अशी त्यांची पद्धत. चिठ्ठीवर ठसठशीत अक्षरात एकेका डागाचं नाव, आणि त्यापुढे एकच शब्द. गेला. क्वचित कधी, राहिला. ‘राहिला’ लिहावं लागलं की मास्तरांना दिवसभर घास गोड लागत नसे, आणि घरात कुणी फारसं त्यांच्या वाटेला जात नसे.

तर ह्या माणसाशी जावयाने बोलणं का टाकलं, हा प्रश्न होता.

आधी जावई दर गुरुवारी यायचे. मुलगी सोमवारी कपड्यांची पिशवी आणून टाकायची आणि गुरुवारी ती न्यायला हे. पिशवी काखोटीला मारून लगेच निघतील असं नाही. इस्त्रीच्या टेबलाजवळच्या स्टुलावर अर्धा तास बसायचे, आणि वाफेच्या फुसफुसाटात दोघं जण जगातल्या वाटेल त्या विषयावर बोलायचे. जावई नकाशे काढायच्या कचेरीत कामाला. बोलणं मोजकं, पण ऐकणं मनापासून. मास्तरांना मुलगा नव्हता. आता उगाच आडपडदा कशाला, त्यांना त्या अर्ध्या तासाची चटक लागली होती. बुधवारपासूनच ते स्टूल पुसायला लागायचे.

आणि एका गुरुवारी जावयाऐवजी मुलगीच आली. पुढच्या गुरुवारीही तीच. “कामात आहेत,” म्हणाली. तिसऱ्या खेपेला मास्तरांनी तिला खोदून विचारलं, तर ती पिशवीच्या बंदाशी चाळा करत म्हणाली, “बाबा, ते स्वतःच बोलतील. मला शपथ घातलीय.” शपथ कशाबद्दल, हे काही सांगेना. ताकास तूर लागू देईना.

“तुम्हीच काहीतरी बोलला असाल,” बायको म्हणाली.

“मी काय बोललो?”

“तेच तर. तुम्ही बोलता ते तुमच्या लक्षात कुठे राहतं?”

मास्तरांनी सगळे गुरुवार आठवून पाहिले. चूक सापडेना. माफी मागायला त्यांची कधीच ना नव्हती. पण कशाची मागायची ते कळल्याशिवाय मागायची तरी कशी? माणूस तुटत चालला होता, आणि उसवलंय कुठे तेच दिसत नव्हतं. शनिवारी काही झालं तरी विचारायचंच, असं ठरवून त्यांनी स्वतःचा शर्ट दोनदा इस्त्री केला.

*

स्टेडियमच्या फाटकापाशीच पहिली फजिती झाली. रखवालदाराने खिसे चाचपले, त्यात एक छोटी बाटली आणि लहानसा ब्रश निघाला.

“हे काय?”

“डाग काढायचं औषध आहे. नेहमी असतं माझ्याजवळ.”

“आत नेता येणार नाही.”

“अहो, पण आत कुणाच्या अंगावर काही सांडलं तर?”

रखवालदाराने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा त्यांच्या मागच्या हजारभर माणसांकडे पाहिलं, आणि बाटली टोपलीत टाकली. जावई पुढे जाऊन थांबले होते. एरवी हसले असते. आज नुसतेच म्हणाले, “या, बाबा.”

त्यानंतर जिने. मग बोळ. मग पुन्हा जिने. सगळीकडे बाणच बाण, आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नव्हतं. हिरव्या-पांढऱ्या शर्टांचे लोंढे कुठून येऊन कुठे चालले होते कोण जाणे, पण सगळ्यांना वाट पाठ होती. मास्तर जावयाच्या पाठीवर नजर ठेवून चालत होते, आणि एकदा तर दुसऱ्याच कुणाच्या पाठीमागे स्वच्छतागृहात शिरले. मग एका दारातून बाहेर पडले तो एकदम उजेड, खाली एवढं मोठं हिरवंगार मैदान, आणि चहूकडून असा आवाज की छातीची बटणं थरथरावीत. ते दोन पायऱ्या मागे सरकले.

“ही तुमची,” जावई म्हणाले. “सतरा. आणि मी मागे.”

“मागे? शेजारी नाही?”

“मागच्या रांगेत. तीही सतराच. नानांनी ह्या दर हंगामासाठी राखून घेतल्या तेव्हा शेजारशेजारच्या शिल्लक नव्हत्या. नंतर मिळत होत्या, पण नाना नको म्हणाले.”

मास्तरांच्या हे काही डोक्यात शिरलं नाही. नाना म्हणजे त्यांचे व्याही. बसच्या आगारात मेकॅनिक होते, चार महिन्यांपूर्वी गेले. लग्नकार्यात भेटले की पाच मिनिटांत गाडी फुटबॉलवर आणायचे, आणि मास्तर हसून मान डोलवायचे. बाप नि लेक बावीस वर्षं एकत्र मॅचला येतात, आणि एक पुढे, एक मागे? मग बोलत काय असतील? हेही मास्तरांनी ‘न कळलेल्या’ गोष्टींत टाकलं. त्या ढिगात आता जागा उरत नव्हती.

“आली! सतरा भरली!” शेजारचा टकलू दणदणीत आवाजात ओरडला, आणि रांगेतल्या दहा-बारा जणांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर गडबडून उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला.

त्या रांगेत नावांना किंमत नव्हती, हे त्यांना हळूहळू उमगलं. टकलू वायरमन होता, पण त्याला सगळे ‘सोळा’ म्हणत. उजवीकडच्या चष्मेवाल्या बाई दातांच्या दवाखान्यात कामाला, त्या ‘अठरा’. जावई चाळिशी ओलांडलेले, तरी इथे ‘छोटा सतरा’. आणि मास्तर खुर्चीत टेकल्या क्षणापासून नुसते ‘सतरा’ झाले.

“नाना गेल्यावर त्यांचा मफलर ठेवायचो आम्ही खुर्चीवर,” अठरा म्हणाल्या. “तोवर ठीक चाललं होतं. गेल्या तीन मॅचना हा पठ्ठ्या मफलर विसरला, खुर्ची रिकामी राहिली, आणि तिन्ही हरलो. मग मी ह्याला सांगितलं, मफलर नाही तर माणूस आण.”

मास्तरांनी मान मागे वळवली. जावई मैदानाकडे बघत होते.

मफलर. मास्तरांच्या मनात काहीतरी हललं, पण तेवढ्यात शिट्टी वाजली आणि ते राहून गेलं.

*

मॅच त्यांनी पाहिली ती लाँड्रीवाल्याच्या डोळ्यांनी. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचे ते आपले, आणि लाल शर्टांचे ते त्यांचे, एवढं सोळाने बजावून सांगितलं होतं. लाल रंग पहिल्या धुण्यात सुटणारा आहे, हे मास्तरांना इतक्या लांबूनही दिसलं. आपल्यापैकी एक जण पांढऱ्या चड्डीनिशी सात-आठ हात गवतावरून घसरत गेला आणि सगळं स्टेडियम ‘वा!’ म्हणून ओरडलं. मास्तर मात्र कळवळले. “गवताचा आहे तो. लगेच भिजवला नाही तर गेला कपडा!”

“कोण गेला?” सोळाने दचकून विचारलं.

मग मैदानाच्या कोपऱ्यात कुणीतरी चेंडू ठेवला, आणि दहा जण एकदम मास्तरांवर ओरडले. “सतरा! पाठ! पाठ फिरवा!”

“माझी? का?”

“आपल्याला कॉर्नर मिळालाय!” अठरांनी त्यांचे खांदे धरून त्यांना उलटं फिरवलं. “एकदा नाना मागच्या कुणाला तरी ओरडायला वळले, आणि नेमका तेव्हा गोल झाला. तेव्हापासून आपला कॉर्नर असो, पेनल्टी असो, सतराने बघायचं नाही. नियम आहे.”

“कुणाचा नियम?”

“आमचा.”

अशा रीतीने डागमास्तर पन्नास हजार माणसांमध्ये मैदानाकडे पाठ करून उभे राहिले, आणि समोर फूटभर अंतरावर जावयाचा चेहरा. इतके दिवस जो चेहरा बघायला मिळत नव्हता, तो असा अचानक पुढ्यात. जावयाची नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे होती. मग भुवया वर गेल्या, ओठ आवळले, आणि डोळे विझले.

“नाही झाला,” मास्तर म्हणाले.

जावयाने दचकून त्यांच्याकडे पाहिलं. “काय म्हणालात?”

“गोल. नाही झाला ना? तुमच्या तोंडावर दिसलं.”

जावई खाली बसले आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागले. आता ह्यात बिनसण्यासारखं काय होतं, हे मास्तरांना कळेना. साधं वाक्य. आपल्या जिभेला हाडच नाही की काय, असं वाटून ते पुढे तोंड करून बसले.

*

मध्यंतरात जावयाने सगळ्यांसाठी कागदी कपांतून चहा आणला. मास्तर आता विचारणारच होते, शब्दही जुळवले होते, पण अठरा मध्येच म्हणाल्या, “काय रे छोट्या सतरा, मफलर आजही विसरलास?”

“नाही,” जावई म्हणाले. “आणलाय.”

त्यांनी पिशवीतून एक पुडकं काढलं. पातळ पांढरा कागद, चारी कोपरे आत दुमडलेले, वर तिरकी चिकटपट्टी. मास्तरांनी ती घडी लगेच ओळखली. अशी घडी ह्या शहरात एकच माणूस घालत होता, आणि तो सतरा नंबरच्या खुर्चीत बसला होता.

आणि मघाशी हललेलं ते काय होतं, ते त्यांना आठवलं.

महिन्याभरापूर्वी मुलीच्या पिशवीत एक उशीचा अभ्रा होता, आणि अभ्र्याच्या आत तळाशी एक मफलर. लोक डागाळलेला कपडा दुसऱ्या कपड्यात लपवून आणतात, हे मास्तरांना अडतीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक. माणसाला आपल्या मळाची लाज वाटते. हिरव्या-पिवळट पट्ट्यांचा तो मेणचट मफलर बघून ते गालातल्या गालात हसले होते. जावईबुवा लाजले, असं त्यांना वाटलं. बोलायचं नाही, नुसतं करून दाखवायचं, असं ठरवून त्यांनी दोन संध्याकाळी त्यावर घालवल्या. गार पाणी, सौम्य साबण, टॉवेलवर पसरून वाळवणं, सगळं हाताने. चार डाग ओळखीचे होते. पाचवा मानेजवळ होता, तेलकट, काळपट, नाक लावलं तर झोंबणारा, आणि काही केल्या नाव आठवेना. तीनदा पावडर भुरभुरवून तो काढला. चिठ्ठी लिहिताना त्यांची छाती फुगली होती. चहा: गेला. सॉस: गेला. ग्रीस: गेला. घाम: गेला. मानेजवळचा, ओळखू आला नाही: गेला.

अठरांनी कागद उघडला.

“हा कुठला?” सोळा म्हणाला. “नवा घेतलास?”

“तोच आहे.”

“तो कसा असेल? ह्याचे पट्टे पांढरे आहेत!”

“पांढरेच होते,” जावई म्हणाले.

अठरांनी मफलर नाकाला लावला आणि खाली घेतला. “साबणाचा वास येतोय,” त्या म्हणाल्या. मग मास्तरांकडे वळल्या, कारण रांगेत न समजणारे तेवढे एकच होते. “तुम्हाला कल्पना नसेल. नानांनी हा बावीस वर्षांत एकदाही धुतला नव्हता. आम्ही धुवू दिला नसता. हे बघा, इथे माझा चहा सांडला होता, आपण वरच्या गटात गेलो त्या दिवशी. इथे सोळाचा सॉस. हे टोक ग्रीसने काळं होतं, आगारातून तडक यायचे ते. आणि हे मानेपाशी,” त्यांनी पांढऱ्याशुभ्र लोकरीवर बोट ठेवलं, “हा बाम. बसखाली वाकून वाकून मान धरायची त्यांची. बाम चोपडल्याशिवाय घरातून निघायचे नाहीत. हा पोरगा मागे बसायचा, म्हणायचा, डोळे मिटले तरी कळतं नाना पुढे आहेत.”

बाम! नाव आता कळलं. मफलर लपवलेला नव्हता. अभ्र्यात घालून, उशीत ठेवून, माणूस त्यावर डोकं टेकून झोपत होता. आणि पोरीने तो अभ्रा तसाच सोमवारच्या पिशवीत टाकला होता.

“कुणी धुतला हा?” सोळाने विचारलं. आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं.

मास्तरांनी तोंड उघडलं.

“मी,” मागून जावई म्हणाले. “चुकून मशीनमध्ये गेला.”

मास्तरांचं तोंड उघडंच राहिलं.

*

मध्यंतरानंतर दोन्ही संघांनी बाजू बदलल्या, आणि हे मास्तरांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे लाल शर्टवाले चेंडू घेऊन ज्या जाळीकडे धावले, तिकडे बघून त्यांनी आधी टाळ्या वाजवल्या. चेंडू जाळीत गेला. टाळ्या वाजवणारे ते एकटेच होते. सोळाने त्यांचे हात धरून खाली केले. “आपल्यावर झाला तो. आपल्यावर.”

“मघाशी तर आपली जाळी तिकडे होती ना?”

“होती.”

एरवी मास्तरांनी ह्याचा छडा लावला असता. पण त्यांचं डोकं दुसरीकडेच गरगरत होतं. हा माणूस रागावला म्हणून बोलत नव्हता, हे गृहीत धरून ते आले होते. मग रागावलेला माणूस दुसऱ्याची चूक चारचौघांत स्वतःच्या अंगावर कशाला घेईल? आणि राग नाही, तर तीन आठवडे तोंड का चुकवलं? मुलीला शपथ का घातली? राग आहे म्हणावं तर हे असं. नाही म्हणावं तर ते तसं. दोन्ही टोकं हातात होती आणि गाठ काही बसत नव्हती. मशीनमध्ये, म्हणे! लोकर मशीनमध्ये घातली असती तर हातरुमालाएवढा झाला असता तो! ह्या विचाराने त्यांना आधी राग आला, आणि लगोलग त्या रागाची लाज वाटली.

तेवढ्यात सोळा मागे वळला. “मशीनमध्ये घालतोस होय रे? बापाने बावीस वर्षं सांभाळलेली वस्तू, आणि तू चार महिन्यांत तिची वाट लावलीस. हरू आता. हरणारच.”

जावई मान खाली घालून ऐकत होते.

मास्तर उभे राहिले. मागचे चार जण “बसा, बसा” म्हणून ओरडले. ते बसले नाहीत.

“त्यांनी नाही धुतला. मी धुतला.”

“बाबा, राहू द्या,” जावई म्हणाले.

“नाही राहू देत. आणि मशीनमध्ये नाही, हाताने धुतला. गार पाण्यात. लाँड्री आहे माझी. अडतीस वर्षं लोकांचे डाग काढतोय. मला वाटलं, मळलाय.” मैदानात काय चाललंय ह्याची त्यांना शुद्ध नव्हती. त्यांनी मागे तोंड केलं. “मला वाटलं, तुम्हाला आनंद होईल. मला माहीत नव्हतं हो. एका शब्दाने सांगायचं तरी. मी स्टूल पुसत बसलो होतो तीन गुरुवार.”

जावयाने न प्यालेल्या चहाचा कप ह्या हातातून त्या हातात घेतला.

“काय सांगणार होतो?” ते म्हणाले. “तुम्ही इतक्या मायेने केलं होतं. कळलं असतं तर तुम्ही मोडून पडला असता. आणि समोर येऊन बसलो असतो तर माझ्या तोंडावर दिसलं असतं. मघाशी दिसलंच ना तुम्हाला.”

त्यांनी पाकिटातून एक चिठ्ठी काढली. टाचणीची दोन भोकं, घड्यांवर विरलेली. मास्तरांचं अक्षर.

“आधी दहा दिवस ही फाडून टाकावीशी वाटत होती. आता रोज वाचतो. कुठे काय होतं ते सगळं तुम्ही लिहून ठेवलंत. फक्त एकाचं नाव तेवढं नाही.”

“बाम,” मास्तर म्हणाले.

“बाम.”

सोळा इतका वेळ दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होता. त्याने नाक ओढलं, अठरांच्या मांडीवरचा मफलर उचलला आणि मास्तरांच्या गळ्यात टाकला. “ज्याने धुतला त्याने घालायचा,” तो खेकसला. “आता निस्तरा तुमचं तुम्ही.”

*

आणि शेवटची दोन-तीन मिनिटं उरली असताना कुणीतरी कुणाला तरी पाडलं. शिट्टी वाजली, सगळी माणसं ताडकन उभी राहिली, आणि मग एवढ्या मोठ्या स्टेडियमवर अशी शांतता पसरली की मास्तरांना वाटलं, कुणाला लागलंबिगलं की काय.

“पेनल्टी,” अठरा कुजबुजल्या. “सतरा. पाठ.”

ह्या खेपेला कुणाला त्यांचे खांदे धरावे लागले नाहीत. मास्तर वळले, आणि त्या क्षणी त्यांना एक गोष्ट अगदी स्वच्छ कळली, दिवसभरातली पहिलीच. नानांना शेजारची खुर्ची का नको होती ते. बावीस वर्षांतले ते सगळे गोल नानांनी इथे पाहिले होते, ह्या चेहऱ्यावर. आणि हा पोरगा उरलेला सगळा वेळ त्यांच्या मानेकडे बघत बसायचा.

मास्तर त्या चेहऱ्याकडे बघत उभे राहिले. भुवया वर जातील, नाहीतर डोळे विझतील. दोन्हींपैकी एक होणार होतं.

दोन्हींपैकी काहीच झालं नाही. जावई मैदानाकडे बघतच नव्हते. ते मफलरकडे बघत होते, तिथून वर मास्तरांच्या चेहऱ्याकडे. आणि चार महिन्यांत जे झालं नव्हतं ते झालं. चाळिशी ओलांडलेला, नकाशे काढणारा, मोजकं बोलणारा तो माणूस लहान मुलासारखा रडायला लागला.

आणि मागून आवाज फुटला. कानठळ्या बसवणारा. मास्तरांना तो आनंदाचा की दुःखाचा, काही कळेना. त्यांच्यापुरता समोर पुरावा होता, आणि तो ओक्साबोक्शी रडत होता.

“गेला वाटतं,” ते हळहळून म्हणाले. “जाऊ द्या हो. खेळ आहे.”

जावयाने दोन्ही हातांनी त्यांना मिठी मारली. त्यातल्या एका हातात चहाचा कप होता. अर्धा कप चहा मास्तरांच्या मानेवरून मफलरवर ओघळला. सोळा खुर्चीवर चढून नाचत होता, अठरांचा चष्मा कुठे उडाला होता देव जाणे, आणि कुणीतरी मास्तरांच्या कडक इस्त्रीच्या शर्टाला मागून लोंबकळत होतं.

“झाला का गोल?” मास्तरांनी जावयाच्या कानात ओरडून विचारलं.

“माहीत नाही,” जावई तसेच ओरडून म्हणाले. “मी बघितलाच नाही.”

शेवटी अठरांनीच सांगितलं. झाला होता. एक-एक, बरोबरी. “म्हणजे जिंकलो?” मास्तरांनी विचारलं. “म्हणजे हरलो नाही,” त्या म्हणाल्या, आणि चष्मा शोधायला खाली वाकल्या.

गर्दी जिन्याकडे सरकू लागली. मास्तरांचं लक्ष गळ्याकडे गेलं. मानेजवळच, डाव्या अंगाला, तळहाताएवढा चहा. अडतीस वर्षांचा हात आपोआप खिशात गेला. बाटली तर टोपलीत जमा होती, पण हातरुमाल होता. “लगेच टिपला तर पूर्ण जातो,” ते पुटपुटले. “दाबायचा फक्त, घासायचा नाही.”

जावयाने त्यांचं मनगट धरलं.

“बाबा.”

मास्तरांनी वर पाहिलं. मग रुमालाची घडी पुन्हा घातली आणि तो खिशात ठेवला.

“ती चिठ्ठी द्या इकडे,” ते म्हणाले.

कानामागची पेन्सिल त्यांनी काढली. खुर्चीच्या पाठीवर कागद ठेवून आधी पाचव्या ओळीतलं ‘ओळखू आला नाही’ खोडलं आणि वर लिहिलं, नानांचा बाम. मग खाली एक नवी ओळ लिहिली. चहा, मानेजवळ. आणि त्यापुढे, जो शब्द लिहायला त्यांचा हात अडतीस वर्षं धजत नसे, तो अगदी सावकाश, ठसठशीत अक्षरात लिहिला. राहिला.

“गुरुवारी याल ना?” त्यांनी विचारलं.